एका वाढप्याची पंगत

कान्हे गावच्या अंबूबाईचा राग लोणच्यासारखा असतो. ताजा ताजा ती कुणाला वाढत नाही. बरणीत भरते, वर फडक्याचा दादरा बांधते आणि विसरल्यासारखी आपल्या कामाला लागते. समोरच्याला वाटतं, बाई निवळली. बाई निवळलेली नसते, लोणचं मुरत असतं.

अंबूबाई मावळातली नामांकित आचारीण. कामशेतपासून वलवणपर्यंत बारसं असो की तेरावं, चुलीपुढं तीच. नवरा हयात असताना पळी त्याच्या हातात होती आणि फुंकणी हिच्या. तो माणूस हाताचा सोन्याचा आणि चालीचा चाळणीसारखा. गावोगावच्या लग्नांत स्वयंपाक करता करता त्यानं आणखी काय काय उद्योग केले ते देवाला ठाऊक. पण जाताना बायकोच्या नावावर दोनच गोष्टी ठेवून गेला. एक शंभर पानांचा भात शिजेल एवढं तपेलं आणि दुसरा एचआयव्ही. अंबूबाईनं दोन्ही घासूनपुसून सांभाळलं. तपेल्याला दर दिवाळीला कल्हई आणि स्वतःला रोजची गोळी. गोळी तिनं इतकी नेमानं घेतली की तिच्या रक्तात तो विषाणू आता शोधूनही सापडत नव्हता. तिच्या हातच्या जेवणातून कुणाला काही होईल, ही भीती तर मुळातच खुळी. तो आजार भाताआमटीतून कुणालाच कधी लागत नाही. पण हे गावाला कोण सांगणार? म्हणून तिच्या दवाखान्याच्या फेऱ्यांना गावात ‘अंबूबाईचा गुडघा’ असं नाव होतं. मावळात गुडघ्याबद्दल कुणी खोदून विचारत नाही. विचारायला गेलेला माणूस स्वतःचाच गुडघा दाखवून परत येतो.

ज्या सरकारी दवाखान्यात या गोळ्या मिळत, तिथं पूर्वी सगळं कसं बैजवार होतं. गोळ्या द्यायला एक माणूस, कागदपत्रं बघायला एक, आणि बोलायला प्रतीक्षा. प्रतीक्षाचं काम समुपदेशनाचं, म्हणजे सरकारी भाषेत भारदस्त, आणि प्रत्यक्षात मोठ्या बहिणीचं. कुणाला गोळीनं मळमळतं, कुणाची सासू गोळ्यांचा डबा हुंगते, कुणी पाहुण्यांसमोर गोळी घ्यायला लाजतं, हे सगळं तिला तोंडपाठ. ठरल्या दिवशी कुणी आलं नाही की संध्याकाळी फोन ठरलेला. “काय हो ताई, रुसलात का आमच्यावर?”

मग एकाचा करार संपला तो संपलाच. दुसऱ्याची बदली झाली आणि त्याच्या खुर्चीवर धूळ रुजू झाली. प्रतीक्षा एकटी उरली. गोळ्या तीच मोजणार, संगणकात तीच भरणार, नव्या माणसाला धीर तीच देणार, आणि मधेच वरून फोन आला की आकडेही तीच सांगणार. सकाळी येऊन दुपारी घरी जाणारी माणसं दिवस मावळेस्तोवर बाकावर बसू लागली. एक दिवसाचा रोज बुडाला, माणसं गप्प बसली. दुसऱ्यांदा बुडाला, कुरकुरली. तिसऱ्यांदा आलीच नाहीत. आणि ती आली नाहीत हे कळायलाही कुणी मोकळं नव्हतं. रांगेत जो नाही त्याची आठवण ठेवायला रांगेबाहेर एक माणूस लागतो. तोच तर उरला नव्हता.

अशी गळाली वलवणची चंपा. बंगल्यांची झाडलोट करणारी, मोठ्यानं हसणारी, अंबूबाईची रांगेतली मैत्रीण. दोघींची घरं लांब, जात निराळी, नातं काही नाही. पण बाकावर शेजारी बसून दोघींनी इतक्या जणांची नक्कल केली होती की सख्ख्या बहिणींनी केली नसेल. चंपाला मधे टीबी झाला. दोन-दोन आजारांच्या गोळ्या, पोटात काही ठरेना. विचारायला म्हणून आली, तर दार दिसेल एवढीही पुढं सरकली नाही. बंगल्याची मालकीण दम देई, “पुन्हा सुट्टी घेतलीस तर दुसरी बघीन.” चंपानं मनाशी ठरवलं, गोळ्या जरा थांबवून बघू. पूर्वीच्या दिवसांत संध्याकाळी फोन आला असता. आता तो आला नाही. पावसाळा सरता सरता चंपा गेली. प्रतीक्षाला कळलं ते अंबूबाईकडून. ती गोळ्या मोजता मोजता थांबली, आणि डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, कारण मागं माणसं उभी होती.

त्यानंतर काही दिवसांनी पुण्याहून सपकाळ साहेब पाहणीला आले. या सगळ्या केंद्रांचा कारभार त्यांच्याकडं. दार लावून घेऊन त्यांनी पेशंटांची बैठक घेतली. अंबूबाई डोळ्यांपर्यंत पदर ओढून भिंतीला उभी होती. कुणीतरी धीर करून म्हणालं, “साहेब, अजून एक माणूस द्या. माणसं मरायला लागली.” आणि चंपाचं नाव सांगितलं.

साहेब मोबाइलमधून वर न बघता म्हणाले, “माणूस मागू नका हो. आहे त्या मनुष्यबळात भागवा. शिस्त असली की एक माणूस सगळ्यांना पुरतो. आणि एखादी केस होतेच.”

एखादी केस. अंबूबाईनं ते दोन शब्द उचलले, बरणीत घातले आणि दादरा बांधला.

देवाच्या दरबारात उशीर असेल, पण मावळात जमिनीचे व्यवहार लवकर होतात. साहेबांनी पवनेच्या रस्त्याला गुंठे घेतले, त्यावर बंगला बांधला, आणि एके दिवशी गाडी थेट अंबूबाईच्या अंगणात उभी केली. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखायला तिचं तोंड कधी पाहिलं होतं?

“मावशी, वास्तुशांत आहे. पुण्याहून आमच्या मोठ्या मॅडम येणार आहेत, ऑफिस येणार आहे, सगळ्या गावाला आवतण आहे. बुफे-बिफे नको. अस्सल मावळी पंगत पाहिजे. पत्रावळ, मांडी घालून, आग्रह करकरून.”

“आन् वाढपी?”

“ते तुम्ही बघा.”

“बगते की,” अंबूबाई म्हणाली. इतकं गोड म्हणाली की साहेबांनी जाताना नमस्कार केला.

दुसरी एखादी असती तर आमटीत मिरची ओतली असती. भातात खडे मिसळले असते. अंबूबाईनं असला विचारही केला नाही. अन्नाशी बेइमानी केली तर चूल सात जन्म पेटत नाही, असं ती मानते. उलट या दिवशी तिनं आयुष्यातला सगळ्यात चांगला स्वयंपाक करायचं ठरवलं. माणूस चांगल्या वासानं जितका छळला जातो तितका तिखटानं नाही.

वाढपी मात्र तिनं एकच सांगितला. हनुमंतआबा. आबांनी उभी हयात पंगती वाढण्यात घालवली होती, आणि आता त्यांच्या वाढण्याला एक संथ, भाविक लय आली होती. एका पानाला मीठ वाढलं की ते कंबर सरळ करत, त्या माणसाच्या घरची ख्यालीखुशाली विचारत, कोण गेलं कोण राहिलं याची खात्री करून घेत, आणि मग दुसऱ्या पानाकडं वळत.

अडचण एकच होती. मावळात पंगतीला वाढपी कमी पडले की कुणाला सांगावं लागत नाही. तरणी पोरं विजारी दुमडून उठतात आणि बादल्या उचलतात. ती वाट बुजवायला हवी होती. अंबूबाईनं तरुण मंडळाच्या प्रितमला आदल्या दिवशी गाठलं.

“प्रितम, तुला सांगू का नको झालंय रं. साहेब म्हनत्यात, गावच्या पोरांनी बादलीला हात लावायचा न्हाई. हातमोजं पायजेत, टोपी पायजे.”

“आमचे हात घाण हायती व्हय?” प्रितम तापला.

“मी कुटं म्हनते? साहेब म्हनत्यात.”

झालं. दुसऱ्या दिवशी तरुण मंडळाची सगळी पोरं पंगतीत पहिल्या ओळीला हाताची घडी घालून बसली, गावदेवीच्या देवळातल्या दीपमाळांसारखी.

लेकरांना आणि त्यांच्या आयांना अंबूबाईनं आधीच चुलीमागं बसवून जेवू घातलं. लेकरांशी तिचं काही वैर नव्हतं. मग मांडवात पानं मांडली गेली. एका बाजूला गाव, समोर पुण्याची मंडळी. मधोमध, झब्ब्यावर जरीचं उपरणं घेतलेले सपकाळ साहेब आणि शेजारी मोठ्या मॅडम, ज्यांना मांडी घालायची सवय मोडून जमाना झाला होता. टोकाला दवाखान्याची माणसं, आणि त्यांच्यात आकसून बसलेली प्रतीक्षा.

हनुमंतआबांनी मीठ सुरू केलं.

पंगतीचा नियम असा, की सगळ्यांची पानं पुरी वाढून होईपर्यंत आणि देवाचं नाव घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही. आबा मीठ घेऊन शेवटाला पोचले तेव्हा पहिल्या पानावरच्या मिठाला ओल सुटली होती. मग ते चटणीला निघाले. मग भाजीला. भरल्या वांग्याचा वास मांडवभर असा फिरत होता, जणू तोच यजमान आहे. मग भाताच्या मुदी पडल्या. इंद्रायणीचा भात, वाफाळलेला, मऊ. पण इंद्रायणी मानी असते, वेळेत वरण आलं नाही की तिचा गोळा होतो. वरण येत नव्हतं. आबा कुणाला तरी विचारत होते, “तुमच्या म्हशीचं काय झालं मग?”

“आबा, म्हशीचं राहू द्या, वरणाचं बघा!” कुणीतरी ओरडलं.

“व्हय व्हय, आलोच,” आबा म्हणाले आणि रिकामं भांडं भरून आणायला चुलीकडं निघाले. त्यांच्या गतीनं ती एक स्वतंत्र यात्राच होती.

पुण्याची मंडळी पाय बदलू लागली. त्यांच्यातल्या, गावाच्या ओळीत बसलेल्या एका गृहस्थानं हळूच वांगं चाखायला हात नेला, तर शेजारच्या दत्तोबांनी त्याच्या मनगटावर चापट मारली. दत्तोबा गावातले वडीलधारे. पंगतीचा नियम मोडणाऱ्याला ते पाहुणा मानत नाहीत. मॅडमनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी तरुण मंडळाकडं पाहिलं. तरुण मंडळानं आढ्याकडं पाहिलं.

चुलीमागून हे सगळं बघताना अंबूबाईला फार दिवसांनी गार वाटलं. बसा, ती मनात म्हणत होती. बसा रांगेत. समोर सगळं शिजून तयार हाय आन् हातात पडत न्हाई, कसं वाटतं ते बगा. चंपा, बगतीयास न्हवं?

एक हिशेब मात्र तिचा चुकला होता. प्रतीक्षाला माणसं ताटकळलेली बघवत नाहीत, हे ती विसरली. पोरगी पानावरून उठली, पदर खोचला आणि वरणाच्या भांड्याला हात घातला. अंबूबाई चुलीमागून ताडकन पुढं आली.

“खाली ठेव ते.”

“अहो मावशी, लोक कधीचे बसलेत...”

“बसू दे. रोज तूच उठतीस. आज तू पानावर बसायचं आन् दुसऱ्यानं वाढायची वाट बगायची. जा म्हनते ना!”

आवाज असा होता की प्रतीक्षा गेली. पण तेवढ्यात सपकाळ साहेब उपरणं सावरत तिथं पोचले होते.

“अंबूबाई, काय तमाशा आहे हा? वाढपी कुठं आहेत?”

“हाय की. त्ये काय, हनुमंतआबा.”

“एकच?”

आता इथं अंबूबाईला गप्प राहता आलं असतं. पोरं आली नाहीत, आजारी पडली, काहीही सांगता आलं असतं. साहेबांचं हसं झालंच होतं, काम फत्ते. पण ज्याचा सूड घेतला त्याला तो कशाचा हे कळलंच नाही, तर त्याला सूड कसा म्हणायचा? तो नुसता अपघात. आणि कळायचं तर त्या बैठकीत पदराआड असलेलं तोंड तिला दाखवावं लागणार होतं. ते झाकलेलं होतं तोवरच तिची भाकरी होती. हे तिनं आठवडाभर घोळवलं होतं आणि ठरवलं काहीच नव्हतं. आत्ता साहेबांची चिडलेली नजर समोर आली, आणि दादरा आपोआप सुटला.

“साहेब, आहे त्या मनुष्यबळात भागवा,” ती म्हणाली. “शिस्त असली की एक माणूस सगळ्यांना पुरतो. एखाददुसरा उपाशी ऱ्हाईल. एखादी केस होतीच.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. ती बंद खोली, ती भिंत, तो ओढलेला पदर. “तू... तुम्ही त्या दिवशी...”

“व्हय. चंपा माझी मैतरीण व्हती.”

एवढ्यात मोठ्या मॅडम गुडघे चोळत मागं येऊन उभ्या राहिल्या. “सपकाळ, प्रॉब्लेम काय आहे?”

आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच साहेबांनी केलं. जे पहिलं हाताला लागलं ते फेकलं.

“मॅडम, ही बाई आपल्या एचआयव्ही सेंटरची पेशंट आहे! मुद्दाम करतेय हे सगळं!”

भुकेल्या माणसाचे कान तिखट असतात. मांडवातल्या शेवटच्या पानापर्यंत ते ऐकू गेलं. चुलीकडं निघालेले आबा अर्ध्या वाटेत थांबले. साहेबांना आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. ज्या खात्याचा पहिला नियम पेशंटचं नाव बाहेर फोडायचं नाही हा, त्या खात्याच्या साहेबानं ते स्वतःच्या मांडवात, वरिष्ठांसमोर, अख्ख्या गावाला वाढलं होतं.

“काय बोललात तुम्ही, सपकाळ?” मॅडम इतक्या हळू म्हणाल्या की साहेब एक पाऊल मागं सरले.

अंबूबाईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. तिनं वरणाचं भांडं कमरेवर घेतलं, पळी उचलली आणि मांडवात गेली. पळून जायला मागचं दार होतं. पण मग वरण कुणी वाढायचं?

पहिलं पान कामशेतच्या आदिनाथशेठचं. तांदळाचे व्यापारी, त्यांच्या घरची तीन लग्नं अंबूबाईनं शिजवली होती. पळी पुढं होताच शेठनी पानावर हात आडवा धरला.

“नको. पोट भरलंय.”

पानावर गार झालेल्या भाताची मूद जशीच्या तशी होती.

“बरं,” अंबूबाई म्हणाली आणि त्या हाताकडं नीट बघून घेतलं. दुसऱ्या पानावर हात आडवा. तिसऱ्या पानावर हात आडवा. चौथा तर उठूनच गेला. पळीतल्या वरणाचा एक थेंब सांडला नाही. पाचवं पान दत्तोबांचं. दत्तोबांनी भातात बोटानं खड्डा केला, नेहमीसारखा खोल.

“वाढ. आन् तूप कुटंय?”

“दत्तोबा, ऐकलंसा न्हवं, साहेब काय बोलले?”

“ऐकलं. माजी नात नर्स हाय, तिनं मला समदं सांगितलंय. असल्यानं काय हुत न्हाई. उपाशी ऱ्हाऊन मात्र हुतं. वाढ लवकर, न्हाईतर मी हितंच जाईन आन् माज्या तेराव्याचं जेवन बी तुलाच करावं लागंल.”

कुणीतरी फस्सकन हसलं. मोठ्या मॅडम आपल्या पानावर परत येऊन बसल्या, वरण मागून घेतलं आणि साहेबांना म्हणाल्या, “सपकाळ, आमटीची बादली घ्या. उभे काय राहिलात? माणूस कमी आहे.”

साहेबांनी बादली घेतली. ते आमटी वाढताना उपरण्याची जर आमटीत भिजत होती आणि प्रत्येक पानापुढं त्यांना वाकावं लागत होतं. प्रतीक्षाच्या पानापुढंही ते वाकले. तिनं, अंबूबाईच्या धाकानं असेल, “अजून एक पळी,” म्हणून मागून घेतलं.

प्रितम उठून जवळ आला. “मावशी, हातमोज्याचं साहेब बोललंच नव्हतं का?”

“न्हाई. ती थाप माजी.”

“लय आगाव हायस,” प्रितम म्हणाला आणि विजार दुमडली. त्याच्यामागं सगळी पोरं उठली. सगळी म्हणजे, दोघं सोडून. ती दोघं घरी गेली.

पुढं जे झालं ते सगळंच गोड नाही. साहेबांची चौकशी लागली, मग बदली झाली. कुठं झाली ते अंबूबाईला ठाऊक नाही. पण तिथं त्यांच्या हाताखाली माणूस नसावा आणि डोक्यावर काम दुप्पट असावं, असा नवस ती बोलली आहे. दवाखान्यात आठवड्यातले काही दिवस दुसरी एक मुलगी येऊ लागली. प्रतीक्षाला दुपारचा डबा दुपारीच खाता येऊ लागला. मग ती आणि ती मुलगी हरवलेल्यांना हुडकायला लागल्या. काही जण परत आले, काहींनी दार उघडलं नाही, काहींच्या दाराला कुलूप होतं. चंपा काही येणार नव्हती. कुणी विचारलं, “अंबूबाई, फिटलं का मनातलं?” तर ती म्हणते, “अर्धं.”

कामं मात्र तुटली. हंगाम आला आणि तपेलं पालथंच राहिलं. दत्तोबांच्या घरचं एक बारसं आणि तरुण मंडळाचा भंडारा, बस्स. लोक रस्त्यात गोड बोलत, तिच्या गुडघ्याची चौकशी आता कुणी करत नसे. ती घरी बसून गोळी वेळेवर घेई आणि ज्यांनी ज्यांनी हात आडवा धरला त्यांची तोंडं ओळीनं आठवत बसे, पंगतीच्या क्रमानं.

मग एका सकाळी आदिनाथशेठ अंगणात येऊन उभे राहिले. धाकटीच्या साखरपुड्याला त्यांनी बाहेरचा आचारी आणला होता आणि व्याह्यांनी भात तसाच ठेवला होता. तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरी! आता लग्न तोंडावर आलं होतं.

“अंबूबाई, झालं गेलं विसरून जा. लग्नाचा स्वयंपाक तूच करायचा.”

“करते की,” अंबूबाई म्हणाली. तीच गोडी, तोच आवाज. “पन शेठ, आधी माज्या घरी जेवाय यायचं. एकट्यानं न्हाई. त्या दिवशी तुमच्या शेजारी ज्ये ज्ये हात आडवा धरून बसलं व्हतं त्या समद्यांना घेऊन. हितं अंगनात बसायचं, रस्त्यावरनं दिसंल असं. मी वाढनार.”

शेठनी घाम पुसला. रस्त्याकडं पाहिलं. स्टँडवरून एसटी सुटायची वेळ, रस्त्याला गर्दी होती.

“कधी?”

“आत्ताच म्हटलं असतं,” अंबूबाई आत जाता जाता म्हणाली, “पन भात टाकायचाय. बाकीच्यांना बलवून आना. तवर हुतोय.”